जितकं तितकं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात आठ दिवस आमच्याकडे राहायला होती. सातवीत आहे, मराठी माध्यमात. दप्तर बरोबर आणलं होतं, पण उघडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, तेव्हा कुठे गणिताची वही बाहेर निघाली. एका पानावर लाल शाईची भली मोठी फुली आणि तिच्याखाली शून्य. मी उदाहरण वाचलं. तीन सारख्या वह्या आणि सात रुपयांची एक पेन्सिल मिळून ८२ रुपये झाले, तर एका वहीची किंमत किती? हिने खाली एवढंच लिहिलं होतं : २५ रुपये.

उत्तर तर बरोबर होतं. मी विचारलं, ‘मग शून्य का गं?’

‘समीकरण मांडलं नाही म्हणून. पायऱ्या नाहीत म्हणून. नाना, मला बीजगणित येतच नाही.’

हे शेवटचं वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. १९८३ साली दहावीला बीजगणितात मी काठावर सुटलो आणि त्यानंतर त्या विषयाचं तोंड पाहिलं नाही. कला शाखेला गेलो, मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. कवितेच्या नादापायी याचं गणित गेलं, असं आमच्या चाळीसगावात लोक म्हणत. मीही ते कधी खोडून काढलं नाही, कारण त्यात जरा रुबाब होता. खरी गोष्ट अशी की, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे फळ्यावरचं वाक्य ऐकून मी एकदा ‘का बदलतं?’ असं विचारलं होतं आणि उत्तरादाखल हातावर छडी मिळाली होती. त्या प्रश्नाचं उत्तर मला पन्नाशी उलटल्यावर मिळालं, तेही या पोरीच्या निमित्ताने. श्रोतेहो, आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

मी तिला विचारलं, ‘पंचवीस आणलेस कुठून?’ ती म्हणाली, ‘आधी वीस धरले. तीन वह्यांचे साठ, पेन्सिल धरून सदुसष्ट. पंधरा कमी पडले. पंधरा तीन वह्यांत वाटले, पाच-पाच. म्हणून पंचवीस.’

मला हसू आवरेना. इतकं स्वच्छ डोकं आणि त्याच्यावर फुली! मग मी जिल्ह्याच्या वाचनालयातून दोन-तीन पुस्तकं आणली, जावयाने आणखी काही मिळवून दिली, आणि उरलेले पाच दिवस आम्ही दोघं एकाच चटईवर बसलो. जे मला कळत गेलं ते मी तिला सांगत गेलो. काही वेळा तिला आधी कळलं.

पहिली गोष्ट ही कळली की, अंदाज धरून मग तो दुरुस्त करत जायचं, ही माझ्या नातीची युक्ती साडेतीन हजार वर्षांची तरी जुनी आहे. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास इजिप्तमध्ये आहमोस नावाच्या लेखनिकाने त्याच्याही आधीच्या ग्रंथावरून एक गुंडाळी नकलून काढली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात एक प्रश्न आहे : एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात, ती राशी कोणती? लेखनिक म्हणतो, सात धरा. सातात त्याचा सातवा भाग मिळवला की आठ. आपल्याला हवेत १९. म्हणजे आठाचे १९ करायला ज्या पटीने वाढवावं लागेल, त्याच पटीने सातालाही वाढवा. उत्तर येतं १६ पूर्णांक पाच अष्टमांश. गंमत अशी की, त्यांच्या भाषेत अशा अज्ञात संख्येला जो शब्द होता, त्याचा अर्थ ‘ढीग’. आपणही खळ्यातल्या धान्याच्या ढिगाला रास म्हणतो आणि सातवीच्या पुस्तकात ‘बैजिक राशी’ शिकवतो. मुलांना मात्र या राशीचा त्या राशीशी काही संबंध आहे, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त याच युक्तीला इष्टकर्म म्हटलं आहे. त्यातलं कमळांचं उदाहरण मी नातीला घातलं. एका भक्ताने कमळांच्या राशीतला तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा भवानीला वाहिला. उरलेली सहा कमळं गुरूच्या पायावर ठेवली. तर एकूण कमळं किती? आता धरायचं काय? तिने आधी शंभर धरले आणि तिसऱ्या भागाशीच अडखळली. मग म्हणाली, ‘साठ धरते, साठाला सगळे भाग जातात.’ वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून सत्तावन्न. उरले तीन. उरायला हवे होते सहा, म्हणजे दुप्पट. ‘एकशेवीस!’ ती ओरडली. उत्तर १२० च आहे. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पोराने असंच ओरडून सांगितलं असेल.

मग समीकरण हवं तरी कशाला? हा प्रश्न तिने विचारलाच. उत्तरासाठी पुन्हा भास्कराचार्यांकडेच जावं लागलं, या वेळी त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाकडे. एकाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचं कर्ज आहे. सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची मालमत्ता सारखी. तर घोड्याची किंमत काय? नातीने पन्नास धरले. एकाचे सहाशे, दुसऱ्याचे चारशे. ऐंशी धरले. एकाचे सातशे ऐंशी, दुसऱ्याचे सातशे. ‘जवळ आलं,’ म्हणाली, पण चेहरा वैतागलेला. अज्ञात गोष्ट एकाच बाजूला असते तोवर अंदाज बिचारा बरा चालतो. ती दोन्ही बाजूंना घुसली आणि वर कर्जही आलं की त्याची दमछाक होते. तेव्हा घोड्याची किंमत माहीत नसतानाच, ती माहीत आहे असं समजून तिच्याशी व्यवहार करावा लागतो. समीकरण म्हणजे एवढंच.

त्याआधी एक अडचण दूर करायची होती. ‘बरोबर’ची खूण म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा नातीचा समज होता. पहिलीपासून मुलं ‘तीन अधिक चार बरोबर’ असं म्हणतात आणि पुढे सात लिहितात, त्याचा हा परिणाम. खुणेच्या उजवीकडेही एक अख्खी बाजू असते, तिच्यातही घोडे असू शकतात, हे तिच्या गावी नव्हतं. ही खूण तशी अलीकडची. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या वैद्याने १५५७ साली आपल्या पुस्तकात ती पहिल्यांदा छापली. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्या दोन वस्तू असणार, असं त्याचं म्हणणं. हा भला माणूस पुढच्याच वर्षी देणं न फिटल्यामुळे तुरुंगात वारला. आपला ‘बरोबर’ हा शब्द त्या खुणेहून जुना आणि मला विचाराल तर जास्त बोलका. तो फारसीतून आला, आणि मुळात त्याचा अर्थ छातीला छाती लावून उभे असलेले दोघं.

दोन बाजू डोळ्यांना दिसाव्यात म्हणून मी माळ्यावरून अब्बांच्या दुकानातला जुना तराजू काढला. नातीने दोन पारड्यांचा तराजू हातात कधी धरलाच नव्हता. तिच्या वाण्याकडे काटा आहे, त्यावर आकडे उमटतात. एका पारड्यात तूरडाळीच्या दोन सारख्या पुड्या आणि १०० ग्रॅमचं वजन ठेवलं, दुसऱ्यात ५०० ग्रॅमचं. काटा मध्ये आला. ‘आता एका पुडीचं वजन सांग.’ तिने डावीकडचं शंभराचं वजन उचललं, उजवं पारडं धाडकन खाली गेलं. ‘मग उजवीकडूनही शंभर काढ.’ पण पाचशेच्या लोखंडातून शंभर काढणार कसे? ती थांबली. मग पाचशेचं वजन उचलून त्याच्या जागी दोनशेची दोन आणि शंभराचं एक ठेवलं. पाचशेची मोड केली म्हणा ना. त्यातलं शंभर उचललं आणि काटा पुन्हा मध्ये आला. दोन पुड्या, दोन दोनशे. पुढचं सांगायला लागलं नाही.

छडीचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. शंभर डावीकडून उडी मारून उजवीकडे जात नाहीत आणि वाटेत वेषही पालटत नाहीत. आपण दोन्हीकडून सारखंच उचललेलं असतं. डावीकडची जागा रिकामी दिसते, उजवीकडे ‘वजा शंभर’ लिहिलेलं दिसतं, आणि घाईच्या माणसाला वाटतं, पक्षांतर झालं आणि चिन्ह बदललं. पक्षांतराबरोबर चिन्ह बदलण्याचा नियम आपल्याकडे निवडणुकीत चालतो, तराजूत नाही.

पण कर्ज तराजूत कसं ठेवणार? उणे शंभराचं वजन कोणत्याच वाण्याकडे मिळत नाही. इथे मला दोन जुने ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवावेसे वाटले.

इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपल्या सिद्धांतग्रंथात बेरीज-वजाबाकीचे नियम सांगताना संख्यांचे दोन प्रकार केले, धन आणि ऋण. म्हणजे चक्क गाठीचा पैसा आणि देणं. आपली पाठ्यपुस्तकं आजही तेच शब्द वापरतात. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात ‘अल-जब्र’ आणि ‘अल-मुकाबला’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यापासून युरोपने अल्जिब्रा केलं आणि ग्रंथकर्त्याच्या नावापासून अल्गोरिदम. त्याच्याकडे चिन्हं नव्हती, सगळं गणित शब्दांत. अज्ञात संख्येला तो साधेपणाने ‘शय’ म्हणतो, म्हणजे वस्तू, चीज. आणि सुटी ऋण संख्या त्याला मान्य नव्हती. ‘दहा घोडे उणे शंभर’ हे त्याच्या लेखी दहा घोडेच, पण शंभराने तुटलेले. ते तुटलेलं सांधायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना शंभर घालायचे. या कृतीचं नाव ‘जब्र’.

उर्दूत ‘जब्र’ म्हटलं की आम्हाला जुलूम आठवतो. अरबीत त्याच धातूचा आणखी एक अर्थ आहे, मोडलेलं हाड बसवणं. स्पॅनिश भाषेत हाडवैद्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’च्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात असा एक अल्जेब्रिस्ता येतो, आणि तो गणित सोडवत नाही, बरगड्या बसवतो.

हे वाचलं आणि मला माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, आठवले. ते तालमीतले वस्ताद. गावात कुणाचा हात निखळला, पाय मोडला की त्याला आमच्या ओट्यावर आणत. दादा आधी गप्पा मारत, शेतातल्या कापसाची चौकशी करत, आणि बोलता बोलता हात ओढून धरत. हाड बसवायचं तर आधी ते ओढून मोकळं करावं लागतं, असं ते म्हणत. मग बांबूच्या कामट्या आणि वर घट्ट पट्टी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण दिवसभर ‘जब्र’ करतो, हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. बहुतेक कान धरून तोबा म्हटलं असतं.

तर नातीने घोड्यांचं हाड बसवलं. दोन्हीकडे शंभर घातले. एकीकडे सहा घोडे आणि चारशे, दुसरीकडे नुसते दहा घोडे. आता ‘मुकाबला’. हा शब्द मराठीला कुणी समजावून सांगायला नको. सहा घोडे सहा घोड्यांच्या समोर उभे करायचे आणि दोन्हीकडचे सोडून द्यायचे. उरले चारशे रुपये आणि चार घोडे. शंभर रुपयांना एक घोडा. ‘स्वस्तात मिळायचे,’ नात म्हणाली.

भास्कराचार्यांची मांडणी याहून आटोपशीर होती. त्यांच्याकडे अज्ञाताचं नाव होतं ‘यावत्तावत्’, लिहिताना नुसतं ‘या’. अर्थ साधा आहे : जितकं तितकं. माहीत असलेल्या आकड्याला ‘रूप’, म्हणजे ‘रू’. एका बाजूखाली दुसरी बाजू लिहायची, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचं. एकाहून जास्त अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. संस्कृतात ‘वर्ण’ म्हणजे रंगही आणि अक्षरही. वर्णांच्या साहाय्याने चालणारी बुद्धी हेच खरं बीज, अशा अर्थाचं त्यांनी म्हणून ठेवलं आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं?

नातीच्या पुस्तकातला एक्स मात्र फ्रान्सचा. १६३७ साली देकार्तने आपल्या भूमितीच्या पुस्तकात ज्ञात संख्यांना वर्णमालेच्या सुरुवातीची अक्षरं दिली आणि अज्ञातांना शेवटची. ‘शय’चं स्पॅनिशमध्ये रूपांतर होऊन एक्स झाला, अशी एक गोष्ट लोक हौसेने सांगतात. आमच्या ‘शय’ला इतका मान मिळालेला मला आवडलाच असता. पण त्याला पुरावा नाही, म्हणून ती मी नातीला सांगितली नाही. तिला ‘जितकं तितकं’च आवडलं. वहीत ती आता आधी ‘या’ लिहिते आणि शाळेत न्यायच्या वेळी खोडून एक्स करते.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही बसने पाटणला गेलो. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटणादेवीचं ठाणं आहे, ते बहुतेकांना ठाऊक असतं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये पुरा केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानतात. अल-ख्वारिझ्मीचं पुस्तक स्पेनमधल्या सेगोव्हियात लॅटिनमध्ये उतरलं ते ११४५ साली. दोन टोकांना पाच वर्षांच्या अंतराने हे चाललं होतं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. भास्कराचार्यांच्या जन्मगावाविषयी विद्वानांत एकमत नाही, त्या वादात मी पडत नाही. पण पाटणविषयी एक गोष्ट दगडावर लिहिलेली आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि १२०७ साली निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण मठाला कुणी काय द्यायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा मजकूर त्या काळच्या मराठीत उतरतो. साहजिक आहे. पैसे मागायचे तर ज्याच्याकडे मागायचे त्याच्या भाषेत मागावे लागतात. त्यात असंही आहे की, जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल मठाला द्यावं. जितके, तितके. तिथल्या तेल्याला यावत्तावत् कुणी शिकवलं नसेल, पण त्याच्या तेलावर ते शिकवलं जात होतं.

परतीच्या बसमध्ये नातीने लीलावतीची गोष्ट विचारली. घटिकापात्रात मोती पडला, लग्नाची वेळ टळली आणि बापाने लेकीच्या नावाने ग्रंथ लिहिला, ती. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठेही नाही. ती येते अकबराच्या दरबारातला कवी फैझी याने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत. फैझीने ती कुठे ऐकली कोण जाणे. गणिताचं पुस्तक कवीच्या हाती पडलं की असं व्हायचंच. पुढे १६३४-३५ च्या सुमारास ‘बीजगणित’ही फारसीत गेलं, शाहजहानच्या काळात. अनुवाद केला अताउल्लाह रशीदी याने. हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा बांधला तोही यानेच. त्याच्या दारावर अताउल्लाहचं आणि हंसपत राय यांचं नाव कोरलेलं आहे. मकबऱ्यापुढे उभं राहून आपण फोटो काढतो. तो उभारणाऱ्याने तरुणपणी यावत्तावत् फारसीत उतरवलं होतं, हे मलाही या वयात कळलं.

आता जी गोष्ट मी रेडिओवर सांगू की नको असा विचार करत होतो, ती.

अल-ख्वारिझ्मीच्या पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे. लोकांना वाटण्या, मृत्युपत्रं, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी यांत रोज जे लागतं ते द्यावं, असा त्याचा हेतू होता आणि तो त्याने प्रस्तावनेत सांगितला आहे. त्यातला एक प्रश्न असा : एक माणूस वारला. मागे दोन मुलं. एक तृतीयांश मालमत्ता त्याने एका परक्याला लिहून दिली आहे. घरात रोख दहा दिरहम आहेत आणि एका मुलाकडून दहा दिरहम येणं आहे. कुणाला किती? तो म्हणतो, कर्जातला जो भाग हिशेबात धरायचा त्याला ‘वस्तू’ म्हणा. मग एकूण मालमत्ता दहा आणि एक वस्तू. तिच्यातून परक्याचा तिसरा हिस्सा काढा, उरलेलं दोघांत वाटा, आणि एका मुलाचा वाटा वस्तूबरोबर धरा. वस्तू येते पाच. रोख दहांतले पाच परक्याला, पाच दुसऱ्या मुलाला. कर्जदार मुलाच्या हाती काही पडत नाही, कारण त्याचे पाच त्याच्या खिशात आधीच आहेत.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तो कर्जदार मुलगा मी होतो.

१९९८ साली माझा पहिला कवितासंग्रह छापायला अब्बांनी मला बारा हजार रुपये दिले. परत कर म्हणाले होते. मी केले नाहीत. २००३ मध्ये अब्बा गेले, आई त्याआधीच गेली होती. दुकानातला माल विकून आणि बँकेतलं धरून ३८ हजार निघाले. मी म्हणालो, अर्धे, १९ हजार माझे. भाई म्हणाला, १९ मधून १२ गेले, तुझे सात. मी म्हणालो, ते बारा अब्बांनी कवितेला दिले होते. भाई कवितेला जे म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी तोड काढली. मला दहा, त्याला अठ्ठावीस. तरी आम्ही चार वर्षं बोललो नाही. ईदच्या नमाजालाही वेगवेगळ्या रांगांत उभे राहायचो.

नात ओट्यावर आली तेव्हा मी तिला हे सगळं उदाहरण म्हणून घातलं, नावं न घेता. ती काही खुळी नाही. म्हणाली, ‘कर्जही अब्बांचंच ना? म्हणजे मालमत्ता ३८ नाही, पन्नास हजार.’ खरंय. भाईने माझ्या वाट्यातून पूर्ण बारा वजा केले, पण त्या बारातही माझा वाटा होता, हे तो विसरला. मी तर बारा हिशेबातच धरले नाहीत. आम्ही दोघांनीही एक बाजू अर्धीच मांडली होती.

मग ती म्हणाली, ‘आणि नाना, तुमची बहीण?’

आमच्यात मुलाच्या निम्मा वाटा मुलीला असतो. तो कुराणात सांगितलेला आहे, कुणाच्या मर्जीवर नाही. आमची धाकटी बहीण मालेगावला दिली आहे. त्या वेळी कुणीतरी म्हणालं, तिने तिचं सोडलं. मी ते ऐकलं आणि भाईनेही ऐकलं. तिला विचारलं कुणी नाही. एवढ्या भांडणात तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

नातीने वही उघडली. बहिणीचा वाटा ‘या’. प्रत्येक भावाचे दोन ‘या’. एकूण पाच ‘या’, बरोबर पन्नास हजार. या बरोबर दहा हजार. सगळ्या पायऱ्या लिहिल्या. बहिणीला दहा, भाईला वीस, आणि माझे वीस, त्यातले बारा आधीच घेतलेले, म्हणून आठ. मी दहा घेतले होते, भाईने अठ्ठावीस. म्हणजे बहिणीचे दोन हजार माझ्याकडे आणि आठ भाईकडे. तिने खाली ताळाही करून पाहिला.

रात्री मी मालेगावला फोन लावला. वीस-बावीस वर्षांनी असा हिशेब सांगायचा म्हणजे घसा कोरडा पडतो. पाच ‘या’ सांगितले, तिला काही कळलं नाही. दोन आणि आठ सांगितले, ते लगेच कळलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. नको, राहू दे म्हणेल, अशी माझी आपली समजूत होती.

‘दोन घेऊन ये,’ ती म्हणाली. ‘पत्र्याचं काम काढलंय. आठाचं मी भाईशी बोलते.’